पहिल्या खुर्चीतले सर

"आपण वाजवत होतात की व्हायोलिन पुसत होतात?"

सर हे इतक्या अदबीने विचारायचे की नवख्याला वाटावं, प्रेमाने चौकशी करताहेत. पहिल्या रविवारी मलाही तसंच वाटलं. मी म्हणाले, "वाजवत होते, सर."

"असं का? मग पुसा. निदान स्वच्छ तरी होईल."

काय खवट म्हातारा आहे, असं पुटपुटत मी घरी गेले आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झाले. तुमच्याही माहितीत असा एखादा असेलच.

तरुणपणी सर मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. तिथलं बस्तान गुंडाळून ते पुण्यात परतले आणि डॉक्टर, प्राध्यापक, हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटर बडवणारी माझ्यासारखी, असली हौशी मंडळी जमवून त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा ऑर्केस्ट्रा उभा केला. नारायण पेठेतल्या एका शाळेत तालीम चाले. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "लग्नाला येता का हो?"

"येऊ की," सर म्हणाले. "मात्र आम्ही वाजवत असताना भटजींनी गप्प बसायचं."

काका पुन्हा फिरकले नाहीत.

समोर उभे राहून काठी फिरवणारे पाहुणे कंडक्टर दरवर्षी बदलत. आम्हाला खरे हाकत ते पहिल्या खुर्चीतून, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादकाच्या जागेवरून, सरच. शेजारची खुर्ची माझी, आणि पानं उलटायचं कामही माझं.

पुढे सरांची करंगळी आखडायला लागली. वार्षिक कार्यक्रमात त्यांचा एकट्याचा एक तुकडा होता. तो जमला नाही तर भर सभागृहात फजिती, आणि दुसऱ्याला द्यावा तर जीव होईना. तालमीत सूर घसरला की ते तारेला शिव्या घालत. आम्हाला सगळं दिसत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

कार्यक्रमात त्या तुकड्याच्या जरा आधी, बाकीची वाद्यं जोरात असताना, सरांची तार ताडकन तुटली. अशा वेळी शेजाऱ्याने आपलं व्हायोलिन द्यायचं, ही आमच्यातली रीत. मी लगेच पुढे केलं. सरांनी हात लांबवला, करंगळीकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"आपण वाजवा," ते हळूच म्हणाले. "पान मी उलटतो."

देवा रे! पण वाजवलं. टाळ्या पडल्या तेव्हा सरांनीच मला कोपराला धरून उभं केलं. आत गेल्यावर म्हणाले, "सुरुवातीला घाबरलात. बाकी बरं होतं." पुण्यात 'बरं होतं'च्या वरची पदवी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी मात्र ढसाढसा रडले. मला त्यांची खुर्ची नको होती हो!

खुर्ची त्यांनी त्याच आठवड्यात सोडली. पुढच्या वर्षी तिथे मी होते आणि सर श्रोत्यांत, मधल्या रांगेत. ते गेले त्याआधीचा तो आमचा शेवटचा कार्यक्रम. संपल्यावर बोलणी खायच्या तयारीनेच मी खाली धावले. माणसं निघून गेली तरी सर बसूनच होते, डोळे भरलेले. जन्मभर त्यांच्या कानाशी स्वतःचं व्हायोलिन. अख्खा ऑर्केस्ट्रा समोर बसून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

माझा हात धरून ते म्हणाले, "अहो, असा वाजतो होय आपला ऑर्केस्ट्रा? इतकी वर्षं मला कुणी सांगितलं कसं नाही?"