निवडलेले तांदूळ

भानुमतीबाई रोज सकाळी सूप घेऊन ओरछा गेटजवळच्या आपल्या ओट्यावर बसत. सुपातले तांदूळ आदल्या दिवशीच निवडलेले असत. निवडायची असायची ती गल्लीतून जाणारी-येणारी माणसं.

साठ सालच्या सुमाराला झाशीत मराठी घरं मोजकीच होती. ग्वाल्हेरहून कुणी मुलगी पाहायला आलं, की आधी बाईंकडे चहा घेऊन चौकशी करायची, अशी रीतच पडली होती. त्या कपभर चहाच्या जोरावर बाई स्वतःला साऱ्या बिरादरीच्या मालकीण समजत.

शेजारच्या दुर्गाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ती चिरगावच्या शाळेत शिकवायची. मुलाच्या आईनं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे हो. रोज बसनं जाते. शेजारी एक भैयाजी बसलेले असतात, पण आपल्याला काय करायचंय?"

भैयाजी म्हणजे त्याच शाळेतले, निवृत्तीला टेकलेले मास्तर. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. पाहुण्यांनी चहा संपवला आणि तिथूनच स्टेशन गाठलं. दुर्गाच्या आईनं भिजवलेले पोहे संध्याकाळी गाईपुढे ठेवले. पुढे ग्वाल्हेरहून त्या घरी कुणी आलंच नाही.

म्हातारपणी बाईंनी अंथरूण धरलं. ओट्यावर जमणाऱ्या बायका फिरकल्या नाहीत. पेज भरवायला दुर्गाच यायची, केस पिकलेली, एकटी. शेवटच्या दिवशीही बाईंनी तिच्या हातून दोन घोट घेतले, तोंड पुसून घेतलं आणि सहज विचारलं, "दुर्गे, तू लग्न का गं नाही केलंस?"