वजा अठरा

“तिथंच बस दाराशी. खारट पायांनी सतरंजी खराब करशील.”

पनवेलच्या शिकवणीत मास्तरांनी माझं हे स्वागत केलं. सतरंजीवर वकिलांची, डॉक्टरांची मुलं. मी त्यांच्या चपलांशेजारी. आमचं घर मिठागरात राबणारं. पायांना भेगा होत्या, भेगांत मीठ होतं. वर्षभर गप्प बसलो. कारण मुंबईच्या वसतिगृहात जागा हवी होती, आणि तिथं मास्तरांच्या शिफारसपत्राशिवाय कोणी उभं करत नव्हतं.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं. एक्सचा घन वजा तीन एक्स. एक्सची मर्यादा वजा तीनपासून दोनपर्यंत. सर्वांत लहान किंमत काढा. मास्तरांनी डेरिव्हेटिव्ह काढला, शून्याबरोबर मांडला. एक्स आला एक आणि वजा एक. एकाला किंमत वजा दोन. “हीच सर्वांत लहान,” म्हणाले आणि हात झटकले. सतरंजीवरच्या माना डोलल्या. नंदीबैल सगळे.

मला बाबा आठवला. उधाणाआधी तो बांधाची सर्वांत खालची जागा शोधायचा, कारण खाडी तिथूनच आत शिरायची. मधे एक खळगा दिसला म्हणून तो कधी थांबला नाही. “दोनी टोकं बगल्याबिगर काय बोलू नको,” म्हणायचा. मी वहीत एक्सच्या जागी डावं टोक, वजा तीन, घातलं. वजा अठरा.

“मास्तर, टोकाला वजा अठरा येतं. वजा दोन फक्त आजूबाजूच्यांत लहान.”

त्यांनी कागदावर करून पाहिलं. चेहरा उतरला. चूक कळली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. मग कागद चुरगळून म्हणाले, “मीठ ओढणाऱ्यांनी मला शिकवायचं? खोड ते. सगळ्यांसमोर म्हण, मी चुकलो. नाहीतर पत्र विसर.”

मला शिसारी आली. या माणसाला मी वर्षभर भ्यायलो होतो! टोकं तपासायचा कंटाळा, खोटं बोलायला मात्र तयार.

“नाय बोलनार. मी चुकलो नाय.”

वर्षभर दडवलेली घरची बोली तोंडातून आली. उठलो. त्याच पायांनी सतरंजी तुडवत फळ्यापाशी गेलो, त्यांचं उत्तर पुसलं आणि वजा अठरा लिहिलं. कोणी अडवलं नाही.

पत्र गेलं. जाऊ दे. वसतिगृह नाही मिळालं तर फुटपाथवर बसून शिकेन. पण बरोबर उत्तर खोडून मिळणारी जागा मला नको, आणि चपलांशेजारी मी पुन्हा बसणार नाही.