लाल गाडी घोडीवर होती तेव्हा

किस्से कुठे जमतात म्हणाल, तर गॅरेजमध्ये! पारावर माणसं एकमेकांची तोंडं बघून बोलतात, म्हणून जपून बोलतात. गाडीखाली उताणा पडलेल्या माणसाचे नुसते पाय बाहेर असतात. तोंड कुणाला दिसत नाही, मग तो वाट्टेल ते बोलतो. बायकोबद्दल, देवाबद्दल, मालकाबद्दलसुद्धा! असं रोज ऐकलेलं साचत जातं. हाताचं ग्रीस साबणानं निघतं, हे निघत नाही.

आमचं गॅरेज आग्रा रोडच्या कडेला होतं, पंचवटीच्या बाहेर. गॅरेज कसलं, एक पत्र्याची शेड आणि पुढे कडुनिंब. मालक हुसेन मिस्त्री. हाताखाली आम्ही दोघं, मी वामन, नाशिकचाच, आणि सटाण्याचा दगडू. छत्तीस-सदतीस साल असेल. आम्ही दोघंही पंचविशीच्या आसपास. आता मिस्त्री नाहीत, शेड नाही, तिथे कापडाचं दुकान झालंय. त्या रस्त्यानं गेलो की मी अजून उगाच थांबतो. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक आलं!

*

लाल गाडी आमच्याकडे आली ती बैलांच्या मागून.

ती दिंडोरीच्या तात्यासाहेबांची. साठीला आलेला माणूस, भरपूर जमीन, मुलं मुंबईला, घरात गडीमाणसं तेवढी. देवळाली कॅम्पातला एक गोरा साहेब मायदेशी निघाला, त्याच्याकडून त्यांनी ही विलायती स्पोर्ट्स गाडी घेतली होती. दोनच माणसांची, लांब नाकाची, टप उघडा. "ताशी साठ मैल जाते!" असं ते भेटेल त्याला सांगायचे.

तर ही साठ मैलवाली एक दिवस रस्त्यात मागून कडाडली आणि जागीच बसली. एका शेतकऱ्यानं दोर बांधून बैल जुंपले. तात्यासाहेब आत स्टिअरिंग धरून बसलेले, डोळ्यांवर मोटार चालवताना लावायचा मोठा काळा चष्मा तसाच! वारा नाही, धूळ नाही, पुढे बैलांच्या शेपट्या हलतायत.

शेडसमोर येऊन शेतकऱ्यानं दोर सोडला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मिस्त्रींना विचारलं, "लय पळती म्हनं ही?"

"पळते तर!" मिस्त्री म्हणाले.

"आमच्या जोडीनं तर फुडं जाऊ दिली नाय बा!"

*

मागचा सगळा भाग उतरवायला लागणार होता. मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधले दाते तुटलेले, ब्रेकची लायनिंगं जळालेली. त्यासाठी गाडी मागून वर उचलायची. पण उचलायची कशी? गाडी इतकी ठेंगणी की आमचा जॅक तिच्याखाली जाईचना!

दगडू जमिनीला गाल लावून खाली बघत होता. तो वैतागला की अहिराणीत शिरायचा. म्हणाला, "मिस्तरी, हाई गाडी शे का जेवाना पाट शे?"

शेवटी मिस्त्रींनी सागाच्या फळ्या आणल्या. गाडी ढकलून आधी फळ्यांवर चढवली, मग तिच्याखाली जॅक गेला. म्हणजे गाडी वर उचलण्यासाठी आधी गाडी वर उचलली! दगडू तेव्हापासून दर कामाला विचारायचा, "आधी काय उचलायचं?"

*

मिस्त्री एरवी गरीब माणूस, पण गाडी वर असली की फौजदार. जॅक फक्त चढवायला. त्याच्या भरवशावर गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही. गाडी वर गेली की चेसिसखाली, म्हणजे तिच्या सांगाड्याखाली, लोखंडी घोड्या लावायच्या, चार पायांच्या. अ‍ॅक्सलखाली लावून उपयोग नाही, कारण अ‍ॅक्सलच तर काढायचाय! आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी.

"हँडब्रेक ओढलाय की, मिस्त्री," मी एकदा म्हटलं.

"हँडब्रेक कुठल्या चाकांना धरतो?"

"मागच्या."

"मागची चाकं कुठंयत?"

चाकं भिंतीला टेकून उभी होती.

सगळं लावून झालं की मिस्त्री गाडीला खांदा लावून सगळ्या ताकदीनं ढकलायचे. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तिला म्हणायचे, "रुसायचं असेल तर आत्ता रूस बाई. नंतर माझी पोरं खाली असतात."

*

एकदा ती खरंच रुसली. म्हणजे लाल गाडी नाही, एक मालाची लॉरी. आमच्या घोड्या लाल गाडीखाली अडकलेल्या, म्हणून दगडूनं तिच्याखाली विटा रचल्या. चांगल्या पक्क्या भाजलेल्या विटा. दगडू खाली सरकणार, तेवढ्यात मिस्त्री चहा टाकून धावत आले. त्याला दंडाला धरून मागे ओढला आणि लॉरीला खांदा लावला.

वीट फुटताना फार मोठा आवाज होत नाही. खट् होतं, बस्स. लॉरी मातीत बसली. दगडूची टोपी तिच्याखाली राहिली.

मिस्त्री ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. कडुनिंबाखाली जाऊन बसले. म्हणाले, "मालेगावला माझा एक दोस्त होता."

  दगडू जवळ जाऊन बसला, आणि मग हळूच म्हणाला, "टोपी तशीही जुनी शे, मिस्तरी."

मिस्त्रींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याला जवळ ओढून धरलं ते सोडेचनात!

*

दाते विलायतेहून बोटीनं यायचे होते, त्याला महिने लागणार. तोवर लाल गाडी घोड्यांवर. दर बुधवारी बाजाराच्या दिवशी तात्यासाहेब टांग्यानं यायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. मिस्त्रींचा हुकूम होता, वर कुणी बसलं की खाली कुणी नाही. त्यामुळे त्या वेळी लाल गाडीचं काम बंद आणि चहा!

तात्यासाहेबांना एकट्यानं बसवत नसे. शेजारच्या सीटवर थाप मारायचे, "ये रे. आज कुठं जायचं?" आणि मग खरोखर स्टिअरिंग फिरवत, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत घेऊन जायचे. वाटेतलं एकेक गाव सांगायचे. चढ आला की आवाज बदलायचा!

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "समुद्र." मी समुद्र पाहिलेला नव्हता.

"समुद्र!" तात्यासाहेबांनी मान वळवून हाक मारली, "मिस्त्री, पेट्रोल पुरेल का?"

टाकीत थेंब नव्हता. मिस्त्री चहा गाळत होते. ते मान वर न करता म्हणाले, "टाकी फुल आहे, साहेब!"

आम्ही इगतपुरी केली, कसारा घाट उतरलो. घाटात मी दार घट्ट धरून ठेवलं होतं. शेवटी तात्यासाहेबांनी ब्रेक दाबला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसतं समोर बोट केलं. समोर आग्रा रोड, कांद्याची गाडी चाललेली. पण मी पाहिला हो!

पुढे मुंबईला जाऊन खरा समुद्रही पाहिला. ठीक होता.

*

दगडूची बायको त्या वेळी देवळ्याला माहेरी जाऊन बसली होती. भांडण कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण आधी कुणी बोलायचं हा प्रश्न होता. तर दगडूनं आपल्या पाळीला सांगितलं, "देवळा. सासऱ्याच्या दारावरून न्या. थांबायचं मात्र नाही!"

तात्यासाहेबांनी नेलं. देवळ्यात शिरल्यावर त्यांनी भोंगा दाबला. पिपाणीसारखा भोंगा, पत्र्याची शेड दणाणली. दगडू छाती काढून बसला होता. "आली का बाहेर?" तात्यासाहेबांनी विचारलं. दगडूचा चेहरा पडला. "दिसली नाही," तो म्हणाला.

तात्यासाहेबांनी गाडी वळवून पुन्हा त्या दारावरून नेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. दगडू गाडीखाली ब्रेकच्या दांड्या सोडवत होता. एक बाई प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीतून उतरली, हातात गाठोडं. कुणाला काही न विचारता सरळ शेडमध्ये आली आणि बाहेर आलेल्या त्या दोन पायांपुढे उभी राहिली.

"कोण पाहिजे?" दगडू खालून ओरडला.

बाईनं गाठोडं खाली ठेवलं.

"अहो, कोण पाहिजे?"

"ह्या पाय तुम्हनाच शेतस ना?" ती म्हणाली.

गाडीखाली पाना पडल्याचा आवाज झाला.  पाय तसेच. मी आणि मिस्त्री कडुनिंबाखाली निघून आलो. आतून दगडूचा आवाज आला, अगदी बारीक, "तुला भोंगा ऐकू आला का?"

*

अखेर विलायतेची पेटी आली. आम्ही तिघांनी मन लावून काम केलं. दाते बसले, नवीन लायनिंगं बसली, अ‍ॅक्सल चढला, चाकं लागली. मिस्त्रींनी घोड्या काढल्या, गाडी अलगद जमिनीवर उतरवली आणि ती घेऊन आडगावकडे चक्कर मारायला निघाले. मी आणि दगडू रस्त्यावर उभे. लाल ठिपका लांब गेला, दिसेनासा झाला, परत आला. मिस्त्री उतरले. दाढी वाऱ्यानं विस्कटलेली, डोळ्यांत पाणी.

"कशी आहे, मिस्त्री? कशी पळते?"

मिस्त्रींनी गाडीचं दार लावलं. म्हणाले, "ब्रेक चांगला लागतो."

*

बुधवारी तात्यासाहेब आले. गाडी आम्ही पुसून लख्ख केली होती. तात्यासाहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, आत बसले, इंजिन सुरू केलं. काय सुरेल आवाज होता! दगडूनं पाचरी काढून घेतल्या. समोर रस्ता मोकळा.

तात्यासाहेब दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"मिस्त्री."

"जी."

"जरा पुन्हा वर चढवता?"

"मागं काही वाजतंय का?"

"नाही."

"ब्रेक ओढतो?"

"ब्रेक उत्तम आहे."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं.  मग दार उघडून त्यांना हात देऊन उतरवलं आणि मला म्हणाले, "वामन, फळ्या आण. जॅक आण."

तात्यासाहेब कडुनिंबाखाली उभे राहिले. आम्ही गाडी चढवली. घोड्या लावल्या, पाचरी ठोकल्या.  मग तात्यासाहेब पुन्हा आत जाऊन बसले, चष्मा लावला आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. मी पुढे झालो, तर त्यांनी मान हलवली. ते मिस्त्रींकडे बघत होते.

इतक्या महिन्यांत मिस्त्री त्या सीटवर कधी बसले नव्हते. त्यांनी हात फडक्याला पुसले, पायातल्या चपला बाहेर काढल्या आणि जाऊन बसले.

तात्यासाहेबांनी विचारलं, "पार्ट कधीपर्यंत येईल म्हणता?"

मिस्त्री समोर बघत म्हणाले, "बोटीचं काही सांगता येत नाही, तात्यासाहेब."