रिलिव्हर आल्याबिगर

"रिलिव्हर आल्याबिगर मशिन सोडायचं नाय," असं म्हणून आमच्या बांधाशेजारचे भावजी उजवा पाय जमिनीत रोवून उभे राहायचे. रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. मशिन कुठलंही असो. एकदा शेजारणीनं म्हशीचं दावं घटकाभर धरायला दिलं आणि ती चहा पीत गप्पांत रमली. ही स्वारी म्हैस धरून उन्हात उभी. मी हसले तर मला म्हणाले, "हसताय काय वहिनी, सोडली असती तर तुमच्याच मक्यात शिरली असती."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, पण अंगातून कंपनी काही जात नाही. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. मग ती मंदी आली. अमेरिकेतल्या बँका बुडाल्याचं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा आमच्या गावात, निरगुडसरला, कुणी मान वर करून पाहिलं नाही. काही महिन्यांतच भावजी डबा, चादर आणि पिवळं हेल्मेट घेऊन गावी परतले. ऑर्डरी आल्या की बोलावणार आहेत, असं ते सगळ्यांना सांगत. आम्हीही माना डोलवायचो.

कंपनीनं हिशेबाचे जे पैसे दिले ते त्यांनी पतसंस्थेत ठेवले होते. पुढं पतसंस्थेचं शटर अर्ध्यावर आलं आणि मग उघडलंच नाही. राहिला तो आमच्या बांधाला लागून असलेला टोमॅटोचा तुकडा. त्या घराचं सगळं आता त्या टोमॅटोवर होतं, आणि टोमॅटोचं सगळं लाइटीवर.

लाइटीचं काय सांगावं! मोटरी चालवणारी थ्री फेज कधी यायची, कधी जायची, तिचं तिला ठाऊक. म्हणून प्रत्येकानं मोटरीला ऑटो स्विच बसवलेला. माणूस घरी, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. सोय झकास, फक्त सगळ्या मोटरी एकाच झटक्यात उठायच्या. आदल्या उन्हाळ्यात अशीच आमची डीपी, म्हणजे सगळ्या विहिरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वर्गणी काढून, ट्रॅक्टर लावून दुसरी आणेपर्यंत पिकं वाळून गेली. मिळाली तीही तात्पुरती, छोटी. पाच विहिरी आणि जोर एका मोटरीपुरता.

तेव्हा भावजींनी बांधावरच कंपनी काढली. सगळ्यांनी ऑटो काढायचे, पाळ्या लावायच्या आणि ज्याच्या हातात त्यांची पिवळी टोपी, म्हणजे ते हेल्मेट, त्याचीच मोटर चालणार. पाळी संपली की मोटर बंद करायची आणि टोपी पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. बांधावर ठेवून जायचं नाही, पोराबरोबर धाडायची नाही, हातात द्यायची. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यामुळे आमची पाळी माझीच. डोईवर पदर आणि पदरावर हेल्मेट घालून मी बांधानं चालले की रस्त्यावरची माणसं सायकलवरून उतरून बघायची. पण पाणी मिळू लागलं आणि हसणारेही टोपीची वाट पाहू लागले.

पाच विहिरवाल्यांपैकी एकट्या अण्णांना हे रुचलं नव्हतं. सगळ्यांत मोठा प्लॉट त्यांचा. आमच्या मोटरीला तुमची टोपी कशाला, असं ते म्हणायचे. चारचौघांत हो म्हणाले, एवढंच.

टोमॅटो तोडणीला आले होते आणि आदल्या दिवसापासून लाइट नव्हती. झाडं माना टाकू लागली होती. त्यातच भावजींना फोन आला. चाकणला भरती आहे, संध्याकाळच्या आत कागद घेऊन या. कळंबहून एक जीप दुपारी निघणार होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ठेवणीतला शर्ट काढला. पाळी भावजींचीच होती. थोडं पाणी देऊन, टोपी अण्णांच्या हातात ठेवून निघायचं ठरलं.

दुपारी लाइट आली. त्यांनी बटण दाबलं आणि डीपीचा आवाज एकदम जड झाला. त्यांनी लगेच आपली मोटर बंद केली. पाहतो तर अण्णांच्या पाइपातून धो धो पाणी. ऑटो काढलाच नव्हता. त्यांच्या मोटरीच्या खोलीला कुलूप, अण्णा आणे गावाला लग्नाला गेलेले. डीपीवरून बंद करायला वायरमन हवा, तो मंचरला. कुणी म्हणालं, कुलूप तोडू. दुसऱ्याच्या मशिनला हात लावायचा नाही म्हणून भावजींनी तेही करू दिलं नाही. बाकीचे चुळबुळत होते. डोळ्यांसमोर पीक सुकत असताना किती वेळ थांबायचं? एकानं जरी मोटर चालू केली असती तरी डीपी गेली असती. भावजी डीपीखाली टोपी घालून उभे राहिले.

मला राग आला. खरंच आला. जीप निघून जाईल, मी थांबते, तुम्ही जा, असं मी दोनदा सांगितलं.

"टोपी हाय तवर ही गप हायेत, वहिनी. म्या हललो की चालू करतील."

"आणि नोकरी? घरात काय शिजवणार आहात, टोपी?"

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट बसवली. मग डीपीकडं बघत म्हणाले, "शेवटच्या दिवशी माझी शिफ्ट संपली, तर माझ्या जागंवर कुणी आलंच नाय. म्या थांबलो. सायबानं येऊन मेन स्विच पाडला अन् म्हनला, आता कुणी यायचं नाय, जा. रिलिव्हरबिगर मशिन सोडून आलोय म्या. आता नाय सोडायचं."

मी त्यांच्याशेजारी बांधावर बसून राहिले. कळंबच्या रस्त्यानं जीप गेली असेल, तेव्हाही ते तसेच उभे होते.

उन्हं कलल्यावर अण्णा फेट्यासकट आले. सगळे असे बसलेले पाहून त्यांना समजलं. त्यांनी मोटर बंद केली, ऑटो उपटून काढला आणि बाहेर येऊन दोन्ही हात पुढं केले. भावजींनी टोपी त्या हातांत दिली आणि ते घरी गेले.

डीपी वाचली. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात गेले, बरे गेले. नोकरी मात्र दुसऱ्या कुणाला लागली. पुढं चाकणलाच ठेकेदाराकडं काम मिळालं. जाताना टोपी माझ्या हातात देऊन गेले. जत्रेला आले तेव्हा फार वाळलेले दिसले. कामाचं विचारलं तर म्हणाले, "तिथं रिलिव्हर येईलच असं नाय, वहिनी. नाय आला की दुसरी शिफ्ट बी आपलीच."

असाच एकदा रिलिव्हर आला नाही. सलग दोन पाळ्या करून सकाळी ते मोटरसायकलवर गावाकडं निघाले आणि खेडच्या घाटात त्यांना झोप लागली.

त्यांना स्मशानात पोहोचवून सगळे परतले तेव्हा दुपार झाली होती. लाइट आलेली होती. पाळी अण्णांची होती. टोपी घेऊन मी त्यांच्या विहिरीवर गेले, तर "आजची पाळी त्यांचीच," म्हणून त्यांनी हात पुढं केले नाहीत. मीही टोपी खाली ठेवली नाही. संध्याकाळी लाइट जाईपर्यंत पाचांतली एकही मोटर चालू झाली नाही.