जपूनरावांचा खोटा रुग्ण

जपूनरावांना हे नाव त्यांच्या सासऱ्यांनी दिलं. सासरेबुवा जन्मभर लोकांना पोहायला शिकवत आले. भित्र्या माणसाला काठावर उभं करायचं, पाठीत एक प्रेमळ थाप द्यायची आणि थाप जरा जोरात बसली असं दाखवून पाण्यात ढकलायचं, ही त्यांची पद्धत. मुलीनं पसंत केलेला तरुण पहिल्यांदा भेटायला आला तो तलावावरच. तासभर तो भिंतीला पाठ लावून बोलत राहिला आणि शेजारून कुणी पळत गेलं की "जपून" म्हणत राहिला. तो गेल्यावर सासरेबुवा मुलीला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण याला ढकलणार कसं?" नाव तेव्हापासून चिकटलं.

जपूनराव सगळ्यालाच भीत. गॅस बंद करून निघाले की फाटकातून परत येत. लिफ्टला भीत, म्हणून जिना चढत. जिन्याला भीत, म्हणून कठडा धरून चढत. बायको म्हणायची, याच्याबरोबर संसार करणं म्हणजे अंड्यांच्या ट्रेबरोबर प्रवास करणं. पण या भित्रेपणावरच त्यांची नोकरी चालत होती, हे तिलाही मान्य होतं.

एका मोठ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात ते कामाला होते. विभाग तळघरात, धुलाईघराला लागून. एक भिंत कायम कोमट, आणि हवेत उकळलेल्या चादरींचा वास. रुग्णालयातली रक्त तपासणारी यंत्रं एका कंपनीची, वॉर्डातले कॉम्प्युटरचे पडदे दुसरीचे, औषधांच्या खिडकीचा कारभार तिसरीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. बाहेर त्याला मिडलवेअर म्हणतात, या तळघरात सगळे नुसतं 'मधला' म्हणत. अबोला धरलेल्या नवराबायकोमध्ये "बाबांना सांग, चहा झालाय" असे निरोप नेणारं पोर असतं ना, तेच याचं काम. फरक इतकाच, की निरोप पोचला नाही तर इथे गार होतो तो चहा नव्हे.

मधल्याची नवी आवृत्ती यायची झाली की जुन्या यंत्रांशी तिचं पटतं का, हे जपूनराव तपासत. विकणारे शपथेवर सांगत की पटतं. जपूनरावांना शपथेचीही भीती वाटे. यंदाची आवृत्ती तर जास्तच शहाणी होती. जुनी आवृत्ती रुग्णाला फक्त नोंदणीच्या नंबरानं ओळखायची. पण लोक कार्ड हरवतात, पुन्हा नोंदणी करतात, आणि एकाच माणसाचे दोन होतात. नवी आवृत्ती नाव आणि जन्मतारीख जुळली की दोघांचा एक करून टाकायची. हे ऐकून वरच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. जपूनरावांनीही डोलावली. आयुष्यात एकदाच ते घाबरायचं विसरले.

आधी रंगीत तालीम झाली. तालमीला खोटे रुग्ण लागतात. त्यांचे अहवाल खऱ्या वॉर्डात जाऊन घबराट होऊ नये म्हणून ते वेगळ्या कप्प्यात पडतात. त्याला विभागात 'टोपलं' म्हणत. आता खोट्या माणसाला नाव आणि जन्मतारीख कुठून आणायची? जपूनरावांनी ओळखीपाळखीचीच माणसं घेतली. सासरेबुवांची तारीख तर बायको दरवर्षी महिनाभर आधीपासून बजावत असल्यानं तोंडपाठ. आणि मग, तळघरात एकट्या बसलेल्या त्या सज्जन माणसाला एक निरुपद्रवी मौज सापडली. सासरेबुवांना त्यांनी मूतखडा दिला, कावीळ दिली, एकदा तर गरोदरपणाची तपासणीही करून टाकली. कागदावरचे सासरेबुवा संध्याकाळी मरायचे आणि सकाळी पुन्हा जिवंत होऊन खोकला घेऊन यायचे. इतकी वर्षं पाठीवर बसलेल्या थापांची अशी परतफेड चालली होती.

तालीम संपली, नवी आवृत्ती सुरू झाली, सगळे पडदे हिरवे झाले. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "आता तरी हसा." जपूनराव हसले, पण टोपलं काढून टाकायचं काम त्यांनी लांबणीवर टाकलं. जपून राहिलेलं बरं. न जाणो, पुन्हा तालीम करावी लागली तर?

त्याच आठवड्यात, भर दुपारी बायकोचा फोन आला. बाबांच्या छातीत तलावावरच दुखू लागलं, दरदरून घाम आला, आणि तिनं त्यांना इथेच आणलंय. लगेच वर ये.

जपूनराव कठडा न धरता जिना चढले. तातडीच्या विभागात सासरेबुवा अंगाला तारा चिकटवलेल्या अवस्थेत पडले होते आणि चेहरा ओल्या वाळूसारखा दिसत होता. तरी जावयाला पाहून म्हणाले, "या जावईबापू. पळत आलात? जपून." आवाज इतका बारीक होता की हा विनोद ऐकून बायकोला रडू आलं.

डॉक्टर तरुण होती, शांत होती. तिनं सांगितलं की हृदयाचा आलेख धड काही बोलत नाही. रक्त पाठवलंय. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर रक्तात कळेल आणि मग रक्तवाहिनीतला अडथळा काढायला लगेच आत न्यावं लागेल. अहवाल आला की ठरवू, येईलच इतक्यात.

अहवाल येईना. वॉर्डाच्या पडद्यावर सासरेबुवांच्या नावापुढे 'प्रतीक्षेत' इतकंच दिसत होतं. मग शेजारच्या खाटेवर पोटदुखीची एक बाई आली, तिचं रक्त गेलं, आणि तिचा अहवाल आलाही. डॉक्टरनं पडद्याकडे पाहून कपाळाला आठी घातली. मग तिला पलीकडे हाक आली.

जपूनराव त्या 'प्रतीक्षेत'कडे बघत राहिले. आणि त्यांना एकदम वेगळीच भीती वाटली. रोजची भीती त्यांच्या ओळखीची होती. ती बडबडी होती, सारखी काहीतरी सुचवत राहायची. ही भीती एक शब्द बोलेना. नाव तेच आणि जन्मतारीखही तीच. शहाण्या आवृत्तीनं दोघांचा एक केला होता, आणि तो एक कुठे जातो हे जगात त्यांनाच माहीत होतं.

"आलोच," म्हणून ते खाली धावले. बायकोनं मागून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

टोपलं उघडलं तर त्यात सासरेबुवांचा ढीग. कावीळ, मूतखडा, गरोदरपण, आणि अहवालामागून अहवाल हृदयविकाराचे, कारण तालमीत तेही देऊन झालं होतं. सगळ्यात वरचा आजचा होता. आकडा भयंकर होता. पण खालचे आकडेही भयंकरच होते, त्यांनी स्वतः बसून भयंकर केलेले. तारीख आजची होती, तरी त्यांना खात्री वाटेना. त्यांनी लॅबला फोन लावला आणि यंत्रावरचा आकडा वाचायला सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पोचलाय ना वर? इथे हिरवी खूण आहे, म्हणून तर आम्ही फोन केला नाही." आणि त्यानं आकडा वाचला. तोच. खरा होता.

परत वर जाताना त्या माणसाच्या मनात काय काय आलं असेल! आपण खेळाखेळात दिलेलं दुखणं खरंच लागलं, असं काही क्षण त्यांना वाटलं. त्याहून वाईट म्हणजे आता हे सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं. पण पाय थांबले नाहीत.

त्यांनी डॉक्टरला आकडा सांगितला. ती म्हणाली, पडद्यावर तर काहीच नाही, तुम्हाला कुठून कळलं?

बायको बघत होती. सासरेबुवांनीही डोळे उघडले.

"मी बाबांना खोटा रुग्ण केलं होतं," जपूनराव म्हणाले. "तालमीसाठी. त्यांचा अहवाल खोट्यांच्या टोपल्यात पडलाय. लॅबला फोन करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

डॉक्टरनं तिथूनच लॅबला फोन केला, आकडा ऐकला आणि पुढच्या गोष्टी फार भराभर घडल्या. खाटेच्या चाकांचे ब्रेक सुटले, दारं उघडली. सासरेबुवा आत जाताना मुलीचा हात धरून होते आणि जावयाकडे असं बघत होते, की जपूनरावांना वाटलं, थाप मारतील तर बरं.

दार बंद झालं. बायको बाकावर जाऊन बसली. ते शेजारी टेकले आणि मग त्यांना आणखी एक आठवलं. टोपल्यात सासरेबुवा एकटे नव्हते. ओळखीपाळखीची बरीच मंडळी होती, आणि त्यातलं कुणीही, कधीही, या दारातून आत येऊ शकत होतं. तिथेच बाकावर बसून त्यांनी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी आधी एवढंच विचारलं.

"मी आहे का त्यात?"

"आहात."

"मला काय दिलंयत?"

"मलेरिया, मॅडम."

मॅडमनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. नवी आवृत्ती थांबवली, जुनी सुरू केली, आणि ती सुरळीत होईपर्यंत अहवाल माणसांच्या हाती वर पाठवले. आणखी कुणाचा अडकला नव्हता. जपूनरावांना कडक समज मिळाली आणि टोपलं स्वतःच्या हातानं रिकामं करायची शिक्षा.

बाकावर बायको खूप वेळानं म्हणाली, "बाबा गेले असते तर मी तुला कधीच..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ते पुरं झालं असतं तर कदाचित सोसलं असतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली की अडथळा निघाला, आता काळजी नाही, तेव्हा जपूनरावांनी तिला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

दोन दिवसांनी ते तळघरात टोपलं रिकामं करायला बसले. मॅडमना काढलं, शेजाऱ्यांना काढलं, स्वतःलाही काढलं. शेवटी सासरेबुवा राहिले. पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती कायमची काढून टाकायची का? नाव तेच, जन्मतारीख तीच. नंबर त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला होता, खोट्याचाच होता. तरी बोट खाली जाईना.

त्यांनी वॉर्डात बायकोला फोन लावला. म्हणाले, बाबांचा हात धरून बस, फोन चालू ठेव आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस. ती का म्हणून विचारत राहिली. डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं.

"दाबलं," ते म्हणाले. "बाबा कसे आहेत?"

पलीकडे जरा खुडबुड झाली. मग सासरेबुवांचा आवाज आला, अजून बारीकच, पण काठावरून यायचा तसा.

"आहे मी इथेच. जमतंय तुम्हाला, जावईबापू. घरी आलो की तलावावर या."

जपूनरावांना पुन्हा भीती वाटायला लागली. नेहमीची, ओळखीची.