डब्याच्या पाठीमागचा खटका

फोन मी उचलत नाही. गेली सात-आठ वर्षं आमच्या कर्जतच्या घरी फोन वाजला की माझे हात ओले असतात, किंवा मला नेमकं त्याच वेळी देवापुढे दिवा लावायचा असतो. त्या सकाळीही फोन बायकोनेच घेतला. तिचा चेहरा बघून काहीतरी झालंय एवढं कळलं, पण काय ते सांगायला तिला माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवावा लागला. लोधिवलीचा दत्ता गेला होता. अंघोळ झाली, चहा झाला, पेपर उघडला आणि... तसाच खुर्चीत. त्याला आता सव्वा महिना झाला. या दिवसांत मला भेटायला येणारा प्रत्येक जण चेहरा पाडून येतो आणि माझी पंचाईत होते, कारण दत्ताची आठवण निघाली की मला आधी हसू येतं. रडू येत नाही असं नाही, पण त्याला थोडं थांबावं लागतं.

मोहोपाड्याच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. दत्ता इलेक्ट्रिकल वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळायचा आणि मी कॉम्प्रेसर हाउसमध्ये. तिथे कानात घालायला बोळे मिळायचे. मी ते खिशात ठेवायचो, कारण कानात बोळे घालून फिरणं मला नवख्यांचं काम वाटायचं. त्या ऐटीची वसुली निवृत्तीच्या सुमारास सुरू झाली. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसांच्या बोलण्यातली अर्धीअधिक अक्षरं. मुलाने एकदा कानाच्या मशीनचं नाव काढलं तर मी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. खरं सांगायचं तर भीती दत्ताची होती. दर रविवारी स्कूटर काढून त्याच्याकडे गाणं ऐकायला जायचं, हे माझ्या आठवड्यातलं सगळं सुख. आणि बहिऱ्या माणसाला गाणं ऐकायला कोण बोलावणार? म्हणून मी गप्प राहिलो, आणि मान डोलवायला शिकलो.

दत्ताकडचं गाणं साधंसुधं नसायचं. टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये, जिथे लोक प्रीअ‍ॅम्प नावाचं विजेचं यंत्र बसवतात, तिथे त्याने स्वतः बनवलेला सागवानी डबा होता. त्या डब्याला वीजच लागत नसे. आत दोन ट्रान्सफॉर्मर, लोखंड आणि तांब्याची तार, बाकी काही नाही. पुढे एक गोल बटण, ते टक् टक् करत फिरायचं आणि आवाज कमी-जास्त व्हायचा. केसासारख्या बारीक तारेचे ते हजारो वेढे दत्ताने हाताने, तोंडाने मोजत घातले होते. त्या दिवसांत त्या घरात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. एकदा सुमनवहिनींनी दारातून फक्त "भात वाढू का?" एवढंच विचारलं आणि सातशे वेढ्यांचा हिशोब त्याच्या डोक्यातून उडाला. त्याने शांतपणे सगळी तार उलगडली, भात खाल्ला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मला त्या घरात फक्त रीळ धरून बसायची परवानगी होती, आणि तीही शिंक आली तर बाहेर जायच्या अटीवर.

डबा तयार झाला तेव्हा माझे कान शाबूत होते. आवाज स्वच्छ होता, पण जुन्या, बारीक आवाजात भरलेल्या कॅसेटींना तो कमी पडायचा. मी म्हटलं, "दत्ता, मध्ये एखादा छोटा अ‍ॅम्प्लिफायर टाक की. आवाज वाढेल." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू प्रसादाच्या शिऱ्यात मीठ घालायला सांगितलं होतं.

"बाळ्या, आवाज वाढवायचा म्हंजे त्यात आपलं कायतरी मिसळायचं. ह्यो डबा गायलेलं हाय तेवढंच पुढं देतो. कमी करंल, पण पदरचं घालनार नाय. ज्याला कमी पडतंय त्यानं पुढं सरकून बसावं."

हे त्याचं तत्त्व. यावर पुढे वीस वर्षं त्याने कुणाचं ऐकलं नाही.

चारेक वर्षांपूर्वी माळा साफ करताना त्याला एक कॅसेट सापडली. आमच्या तरुणपणी लोधिवलीच्या मारुतीच्या देवळात सप्ता बसला होता. भिकाबुवा गात होते, मी टाळ वाजवत होतो, आणि दत्ता कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बुवांच्या पायाशी बसला होता. तेव्हा भरलेलं भजन त्या कॅसेटवर होतं. रविवारी मी गेलो तर त्याने मला जवळजवळ ओढतच खुर्चीत बसवलं. कॅसेट लावली. मला पखवाजाचा धुमधुमाट तेवढा पोटात जाणवत होता, बाकी धुकं. दोन अभंगांच्या मधल्या जागेत दत्ताने बोट वर केलं आणि तो खदखदून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मीही हसलो. चांगला जोरात हसलो.

"आयकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं की! काय आवाज लावलाय बुवांनी, व्वा!"

तो हसायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला, मग उठून त्याने चहा सांगितला. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या रविवारी डबा टेबलावर उघडा पडलेला होता. दत्ता म्हणाला, आवाज वाढवायचं मनात आलंय. मी चकितच झालो. वीस वर्षांचं तत्त्व कुठे गेलं? "वीज नाय लावनार," तो म्हणाला, "जोडनी बदलनार. आतल्या दोन गुंडाळ्या एकीपाठी एक जोडल्यात, त्या शेजारी-शेजारी जोडायच्या. आवाज दुप्पट. फुकट काय नाय, टेपला जरा जास्त वढावं लागंल. वढंल की." महिनाभर तो त्यात गढून गेला. मग एका रविवारी समारंभ झाला. वहिनींनी नारळ वाढवला, दत्ताने कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि आम्ही दोघं समोर बसलो. कॅसेटची चाकं फिरत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यात नवीन ते काय? मी डोळे मिटले, मान डोलवली, मांडीवर हलकी थाप दिली. थोड्या वेळाने म्हटलं, "दत्ता, जमीन-अस्मानाचा फरक पडलाय रे!"

दत्ताने डब्याच्या पाठीमागे वाकून बघितलं. मग म्हणाला, "व्हय ना? माझ्या पन ध्यानात आलं," आणि डबा पुन्हा खोलायला घेतला. थोडं राहिलंय म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी मात्र खरंच आवाज आला. पखवाज तर आलाच, बुवांचा गळाही आला, शब्द नसले तरी सूर आला. मला इतका आनंद झाला की मी दत्ताला मिठी मारली. डब्याच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला एक छोटा खटका बसवलेला दिसला. हे काय, विचारलं तर म्हणाला, "अर्थिंगचा हाय, हात नको लावूस." मी कशाला लावतोय? पण त्याच सुमारास दत्ताच्या कानांत कापूस दिसायला लागला. विचारलं तर म्हणाला, वारं बाधतं. मला वाईट वाटलं. एवढा कानसेन माणूस, आणि कान असे झाले. पुढच्या खेपेला मी बायकोकडून लसूण घालून कढवलेलं तेल बाटलीत भरून नेलं आणि त्याला बजावलं, "कानांची हेळसांड करू नकोस, दत्ता. आपल्या वयात जपायला हवं." त्याने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. पुढे प्रत्येक खेपेला मी तेलाची चौकशी करायचो आणि तो "गुन हाय" म्हणायचा.

तेराव्यानंतर वहिनींनी निरोप पाठवला की डबा, टेप, स्पीकर सगळं घेऊन जा, ते तुमच्याकडेच गेलं पाहिजे. टेंपो सांगून मी लोधिवलीला गेलो. कपाट आवरताना माझी तेलाची बाटली निघाली. वरपर्यंत भरलेली. एक थेंब कमी झाला नव्हता. मी ती हातात धरून उभा, आणि वहिनी माझ्या अगदी समोर येऊन, तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलल्या. तेव्हा लक्षात आलं की त्या माझ्याशी बरीच वर्षं अशाच बोलत होत्या.

"भावजी, त्यांच्या कानाला काय सुदिक झालं नव्हतं. तुमी आलात की मोठा लावलेला आवाज सोसायचा नाय त्यांना, म्हनून कापूस घालायचे. तुमी गेलात की काढायचे."

"म्हणजे दत्ताला माहीत होतं?"

"ती कॅसेट लावली तवापासून. त्या नारळाच्या दिवशी तर डबा मुकाच व्हता. एक तार उलटी लागलेली, दोनी गुंडाळ्या एकमेकींना खाऊन बसलेल्या. आवाजच नाय. आनि तुमी आपले मान हलवताय." वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. "तुमी गेल्यावर हे हसून हसून खाली बसले. मग म्हनले, सुमन, त्याला कदी बोलू नको. त्याला वाटंल आपल्याला समजलं, आनि येनं सोडंल तो."

सात-आठ वर्षं मी त्याला फसवत होतो आणि चार वर्षं तो फसून घेत होता, कानांत कापूस घालून. डबा उचलताना पाठची बाजू प्रथमच उजेडात आली. खटक्याच्या वर बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं 'बाळ्या' आणि खाली 'मी'. खटका वरच्या बाजूला होता.

त्याच आठवड्यात मी मुलाला फोन केला, म्हणजे बायकोला लावायला सांगितला, आणि आम्ही बापलेक जाऊन कानाचं मशीन घेऊन आलो. पहिले दोन दिवस घर नुसतं कर्कश झालं. भांडी, चपला, कर्जतचे सगळे कावळे... मग हळूहळू बसलं. आमच्या पुढच्या खोलीत डबा मांडला होता. रविवारी सकाळी मी खटका खाली केला, 'मी'वर. दत्ता वीस वर्षं ऐकत होता तेवढाच आवाज. मारुतीच्या देवळातली ती कॅसेट लावली आणि पुढं सरकून बसलो.

पहिला अभंग संपला. मधली ती जागा आली, जिथे दत्ता बोट वर करायचा. कुणीतरी खाकरलं. मग अगदी हळू, पखवाजवाल्याला सांगावं तसे भिकाबुवा म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या पोराला कुनीतरी सांगा रं. टाळ हाय तो, ऐरन नाय."

तो कोपऱ्यातला मी होतो! चार वर्षं मी माझ्यावरच्याच विनोदाला हसत होतो, व्वा म्हणत होतो. मी एकटाच मोठ्याने हसत सुटलो, आणि त्या हसण्यात पुढचं जवळजवळ निसटलंच. टेपरेकॉर्डर ज्याच्या मांडीवर होता त्याचा आवाज. विशीतला, कोवळा, घाईघाईने पुटपुटलेला.

"वाजवू द्या ना बुवा. माझा दोस्त हाय तो."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. हसताय काय एकटेच, म्हणाली, आणि मग तिला माझे डोळे दिसले. मी तिला शेजारी बसवलं आणि कॅसेट मागे घेतली.