पुरावा मागणाऱ्या बाई

बाई आधी पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता वाच."

चित्र उघडं असलं की मूल चित्र वाचतं, अक्षरं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तोवर सतरा वर्षं शिकवत होतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा फारसं आवडलंही नाही.

आमची शाळा रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीकाठच्या एका वाडीत. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची, दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा. मुलं वीस-बावीस. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मुलांचे बाप कुणी बोटीवर, कुणी जयगडच्या बंदरात, बाकीचे मुंबईला. शाळेत यायची ती आईच, नाहीतर कुणीच नाही.

बाई मराठवाड्यातल्या. हजर झाल्या त्या दिवशी एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचा डबा होता. माळकरी घरातल्या, मासळीचा वासही न घेतलेल्या. शाळेसमोरच्या अंगणात सुकट वाळत घातलेली. बाईंनी पदर नाकाला लावला तो पुढचे तीन-चार महिने खाली आला नाही. त्यांचं बोलणं मुलांना कळेना आणि मुलांचं त्यांना. तिसरीतल्या एका पोराने घरी जाऊन सांगितलन, "नव्या बाई रागावत नाय, पन बोलताना गातात." आता आम्ही रत्नागिरीवाले दुसऱ्याच्या हेलाला हसणार म्हणजे कमालच.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर उदाहरण घातलं. एका पाटीत छत्तीस बांगडे, चार जणींनी सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकीला किती? एक मुलगी उठली. "बाई, बांगडे मोजून नाय विकत. वाटा लावतात."

"वाटा म्हणजे किती?"

वर्गात भांडण लागलं. कुणी म्हणे पाच. कुणी म्हणे मासळी कमी आली की तीनच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जेटीवर, नाकाला पदर, हातात वही. शाळेत आल्या, आदल्या दिवशीचं उदाहरण पुसलं आणि वर्गाला म्हणाल्या, "लेकरांनो, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं." असं वर्गासमोर उभं राहून म्हणणारे शिक्षक तुम्ही किती पाहिलेत? मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि उगीचच माझ्या वर्गाला पाढे म्हणायला लावले.

सत्र संपलं की आम्ही प्रगतिपुस्तकं वाटायचो. आया सही करायच्या, पुस्तक पिशवीत टाकायच्या, झालं. बाईंनी त्यात भर घातली. तिला मुलं 'बातम्या' म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाने व्हरांड्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि या सत्रात आपण नवं काय शिकलो त्याची एक बातमी द्यायची. मार्क सांगायचे नाहीत. बातमी देऊन झाली की बाई विचारायच्या, "पुरावा?" भागाकार शिकलो म्हणणाऱ्याने तिथेच फळ्यावर भागाकार करून दाखवायचा. ज्याचे वडील मुंबईत त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवायचं.

एकदा पलीकडून एक बाप म्हणाला, "ओ बाई, मी ड्युटीवर हाय. जरा लवकर उरका."

बाई म्हणाल्या, "लेकराला शिकायला सहा महिने लागले. तुम्ही सहा मिनिटं द्या."

दिलीन बिचाऱ्याने.

चौथीतला एक पठ्ठ्या उभा राहिला आणि म्हणाला, "मी खरं बोलायला शिकलो." बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "पुरावा?" पोरगा बराच वेळ अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "गुरुजींच्या गाडीची हवा मीच सोडलेली." सगळा व्हरांडा हसला. मला हसायला थोडा वेळ लागला.

या बातम्यांचा बाईंना एवढा ध्यास का, ते मला उशिरा समजलं. त्यांची लेक गावाकडे आजीपाशी वाढत होती. एक वर्ष बाईंनी तिला इकडे आणून पाहिली. दमट हवेने पोरीचा खोकला जाईना, म्हणून परत पाठवली. नवऱ्याचं दुकान आणि शेती तिकडे. दर वर्षी बाई बदलीचा अर्ज करायच्या. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या काजूखाली उभ्या राहून फोन लावायच्या, कारण रेंज तिथेच नीट मिळायची. "आज काय शिकलीस गं?" असं रोज विचारायच्या. पुढे पुढे लेक फोनवर यायची थांबली. आजी सांगायची, खेळायला गेलीय. बाई दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काजूखाली उभ्या असायच्या.

आता सानिकाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आणि थोडी माझीही.

सानिका दोन वर्षं माझ्या वर्गात होती. वडील बोटीवर खलाशी, आई मासे विकायची. पोर चुणचुणीत. धडा असा वाचायची की ऐकत राहावं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं जागच्या जागी. शाळा तपासायला साहेब आले की मी पहिली तिलाच उभी करायचो. "वाच गो सानिका." साहेब खूश, मी खूश.

ती तिसरीत गेली आणि पंधरा दिवसांत बाई मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"गुरुजी, सानिकाला वाचता येत नाही."

मी हसलो. "काय बोलता बाई? साहेबांसमोर अख्खा धडा वाचलान तिने."

"पाठ केलाय. दुसऱ्या लेकरांचं ऐकून. चित्र बघून कोणता धडा ते ओळखते आणि म्हणून दाखवते."

मी तिला बोलावलं. दुसरीचं पुस्तक उघडून दिलं. तिने एकदा चित्राकडे पाहिलं आणि घडाघडा सुरुवात केली. मी बाईंकडे पाहिलं, बघा म्हणून. बाईंनी हळूच चित्रावर हात ठेवला आणि पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट टेकवलं. "एवढा एक शब्द."

सानिका गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला यातून सोडवेन असं तिला वाटलं असावं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

ती गेल्यावर मला वाटलं, बाई आता मला काहीतरी ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "हुशार आहे हो. एवढं पाठ करायचं म्हणजे काही सोपं आहे का?"

बाई तिच्या घरी गेल्या. मीही बरोबर गेलो, कारण न जाणं बरं दिसलं नसतं. आई अंगणात सुकट निवडत होती. "पाठ तर सगळा येतो तिला," ती म्हणाली. "आन मला तरी कुठे वाचता येतंय? माझा काय अडला?"

बाई खाली बसल्या आणि तिच्याबरोबर सुकट निवडू लागल्या. नाकाला पदर लावणाऱ्या त्या याच बाई, हे मला तेव्हा आठवलं. "तुमचं नाही अडलं," त्या म्हणाल्या. "तिचं अडेल तेव्हा तुम्ही-मी जवळ असू का पण?"

आई सुकट निवडत राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास सानिकाला ठेवून घ्यायला तिने ना केली नाही.

ना केली ती सानिकाने. शाळा सुटली की पळून जायची. बाई व्हरांड्यात बसून राहायच्या. "मी थांबते," एवढंच म्हणायच्या, ज्याला ऐकू येईल त्याला. पोर शाळेच्या दगडी गडग्याआडून बघत राहायची. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी ती कंटाळून आपणच आली.

पुस्तक उपयोगाचं नव्हतं, कारण पुस्तक तिला तोंडपाठ. बाई तिला होड्यांची नावं वाचायला जेटीवर घेऊन गेल्या. तिथेही तीच गत. लाल-पिवळी ती कुणाची, हिरवी ती कुणाची, पोरीला रंगावरून सगळ्या होड्या ठाऊक. नाव न बघताच नाव सांगायची. बाईंनी हात टेकले असतील असं तुम्हाला वाटेल. पण एके दिवशी वारा सुटला आणि बाहेरगावच्या चार-पाच बोटी आसऱ्याला आमच्या खाडीत आल्या. बाईंनी चालू तास सोडला. वर्ग माझ्या ताब्यात दिला, सानिकाचा हात धरला आणि तरातरा जेटीवर गेल्या. परक्या बोटी, परके रंग. आता पाठ काय करणार?

तासाभराने दोघी परत आल्या. दोघींचे केस विस्कटलेले. सानिका सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "गुरुजी, क-म-ळ-जा-ई. कमळजाई. बुरोंडीची हाय. मी वाचलं."

मी तिला शाबासकी दिली. तिने ती नीट ऐकूनही घेतली नाही. दुसऱ्या बोटीचं नाव आठवत होती.

त्यानंतर दिवाळी झाली. पोर शब्दाशब्दाने पुढे सरकत होती. जोडाक्षर आलं की अडायची, रडायची, पुन्हा बसायची. आणि जानेवारीच्या शेवटी बाईंच्या बदलीचा हुकूम आला. सात वर्षांनी. आठ दिवसांत इथून मोकळं होऊन तिकडे हजर व्हायचं होतं.

मला वाटलं, बाई निकालापर्यंत मुदत मागतील. मी तसा अर्जाचा मसुदाही तयार केला. खरं सांगायचं तर सानिकासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. बाईंनी तो वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"माझीही लेक आता चौथीत आहे, गुरुजी. तिला कुणी विचारलं नाही, आणखी तीन महिने थांबशील का म्हणून."

"पण सानिकाचं अर्ध्यावर आलंय."

"तुम्ही आहात की."

"मला नाही जमायचं," मी म्हणालो. "मी दोन वर्षं पाहिलं नाही, मी काय शिकवणार?"

"म्हणूनच तुम्ही," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला दिसतंय."

उरलेल्या दिवसांत शाळा सुटल्यावर त्यांनी मला सानिकाजवळ बसवलं आणि स्वतः मागे बसल्या. पोर अडली की माझ्या तोंडात शब्द यायचा. मागून बाईंचा आवाज, "सांगू नका." मी ओठ मिटायचो. सातव्या दिवशी त्या मागे नव्हत्याच. दुसऱ्या खोलीत आपली पेटी भरत होत्या.

त्या एसटीत बसल्या तेव्हा वाडीतल्या बायका नारळ आणि कोकमं घेऊन आल्या होत्या. सानिका आली नाही. गडग्याआड असेल म्हणून बाई गाडी हलेपर्यंत तिकडे पाहत होत्या.

पुढचे तीन महिने मी काय केलं ते फार सांगण्यासारखं नाही. रोज अर्धा तास बसलो. कधी ती चिडली, कधी मी. चारही वर्ग एकट्याकडे, वर शाळेचे कागद. एकदा मी वैतागून म्हणालो, "राहू दे आज." सानिका उठली नाही. "अर्धा तास नाय झाला अजून," म्हणाली.

निकालाच्या चार दिवस आधी टपालाने पाकीट आलं. बाईंचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'निकालाच्या दिवशी सानिकाने सर्वांसमोर फोडून वाचावे.' बाकी काही नाही.

मी ते कपाटात ठेवलं, आणि चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. आत काय असेल? जोडाक्षरं किती असतील? हळूच उघडून तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं? एकदा मी पाकिटाच्या कडेला पाण्याचं बोटही लावलं. मग पाकीट परत ठेवलं आणि कपाटाची किल्ली शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नका," म्हणून सांगितलं.

निकालाच्या दिवशी व्हरांडा भरला होता. मे महिन्याच्या सुट्टीला आलेले तीन-चार बापही होते. सगळ्यांच्या बातम्या झाल्या. शेवटी सानिका उभी राहिली. तिने पाकीट फोडलं. आत एकच कागद होता, चित्र नसलेला. तिची आई पुढेच बसली होती, मासळीची रिकामी पाटी शेजारी ठेवून.

सानिकाने वाचायला सुरुवात केली. हळू, एकेक शब्द धरून.

"सगळ्यांना नमस्कार. आज माझीही बातमी ऐका. माझी लेक माझ्यावर रुसली आहे. मी आले तरी ती आजीजवळच बसते. मी रोज तिचा... तिचा..."

ती थांबली. मुलांची चुळबुळ सुरू झाली. पहिल्या ओळीतला एक जण शब्द सांगायला तोंड उघडत होता, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सानिकाचे ओठ हलत होते.

"...अभ्यास. अभ्यास घ्यायला बसते. ती माझ्याशी बोलत नाही. मी उठत नाही. परवा तिने पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, हा धडा वाचून दाखव. मी वाचला. ती शेवटपर्यंत ऐकत होती. माझी एवढीच बातमी आहे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि एक बाप मोबाइल बंदच करून बसला होता.

सानिकाची आई पुढे सरकली. "रुसवा गेला का गो तिचा?" तिने लेकीला विचारलं. "बघ, आनखी काय लिवलंय बाईंनी?"

सानिकाने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत शोधू लागली.